टाईल बसण्यापूर्वी : बाथरूम नूतनीकरणातील नळकाम

नव्या इमारतींचे नळकाम बहुधा मोठ्या ठेकेदारांकडे जाते. त्यांच्याकडे माणसे असतात, भांडवल असते आणि बिल्डरने पैसे उशिरा दिले तरी ते तग धरू शकतात. हाताशी दोन-तीन मुले घेऊन काम करणाऱ्या आपल्या छोट्या कारागिराला हे झेपत नाही. त्याच्या वाट्याला येते ते जुन्या घरांचे काम, आणि पुण्यात हे काम मुबलक आहे. नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ, रास्ता पेठ, कॅम्प येथील इमारतींतले लोखंडी पाईप आतून गंजून अर्धे बुजले आहेत. १९९० नंतर कोंढव्यात जे फ्लॅट उभे राहिले, त्यांतलेही पुष्कळ आता पंचवीस-तीस वर्षांचे झाले. घरात वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखू लागले की बैठा संडास काढून कमोड बसवायचा असतो. मुलाचे लग्न ठरले की रंगाच्या आधी बाथरूमचा विषय निघतो.

या कामात चांगला पैसा आहे. पण कारागिराचे नाव सर्वांत लवकर खराब होते तेही याच कामात. रंगाऱ्याची चूक त्याच दिवशी दिसते. सुताराचे दार घासले तर तो येऊन रंधा मारून जातो. नळाच्या कामातला कच्चा सांधा मात्र टाईलच्या मागे सहा-सहा महिने गप्प बसतो आणि मग खालच्या शेजाऱ्याच्या छताला पिवळा डाग पडतो. सांधा स्वतः काही रुपयांचा. त्याच्यापर्यंत पोहोचायला टाईल फोडावी लागते, आणि त्या छटेची टाईल तोवर बाजारातून गेलेली असते. वॉटरप्रूफिंग उखडते, गवंड्याची मजुरी पडते, शेजाऱ्याचे प्लास्टर व रंग करून द्यावा लागतो. पूर्ण बाथरूमच्या मजुरीत मिळालेला नफा एका सांध्यात जातो, वर त्या सोसायटीतून पुढचे काम मिळत नाही ते वेगळेच.

म्हणून टाईल बसण्यापूर्वी काय मोजायचे, काय तपासायचे आणि काय लिहून द्यायचे, एवढ्यापुरताच हा लेख आम्ही मर्यादित ठेवला आहे.

गळती कोणाच्या खात्यावर?

आधी हा प्रश्न, कारण भांडण येथूनच सुरू होते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाईपची, सांडपाण्याच्या लाईनची आणि पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम. फ्लॅटच्या आतल्या संडास, मोरी, सिंक यांच्यामुळे होणाऱ्या गळतीचा खर्च मात्र संबंधित फ्लॅटधारकांनी आपसात विचारविनिमय करून सोसायचा असतो. म्हणजे तुम्ही ज्या घरात काम केले त्या घरमालकावर बोट येते, आणि तो ते बोट तुमच्याकडे वळवतो. तेव्हा काम घेताना सोसायटीच्या सेक्रेटरीची लेखी परवानगी मालकाने आणली आहे की नाही, हे विचारण्यात संकोच कसला? खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छताचे मोबाईलवर फोटोही काम सुरू करण्याआधीच घ्यावेत. आधीपासून असलेली ओल नंतर तुमच्या नावावर चढत नाही.

इमारत नवी असेल तर आणखी एक गोष्ट. रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांची जबाबदारी बिल्डरवर ठेवली आहे. या मुदतीत मालकाने बाथरूम फोडून घेतले, तर बिल्डर हात वर करण्याची शक्यता मोठी. हे मालकाला आधीच सांगावे. काम हातचे गेले तरी चालेल, पुढची कटकट वाचते.

मोजमाप

बाथरूमचा स्लॅब घराच्या इतर स्लॅबपेक्षा खाली सोडलेला असतो, आणि त्या खोलगट भागात विटांचे तुकडे व कोबा भरून त्यातून पाईप नेलेले असतात. सगळे नळकाम या खड्ड्यातच राहायला हवे. मालकीणबाईंना कमोड पलीकडच्या भिंतीला हवा असतो, बेसिन बाहेर हवे असते. हे शक्य आहे की नाही ते उतार ठरवतो. चार इंची पाईपला दर चार फुटांना एक इंच उतार द्यावा. म्हणजे कमोड सहा फूट सरकवायचा असेल तर दीड इंच उतार खड्ड्यात मिळाला पाहिजे. तेवढी खोली असेल तर हो म्हणा. खड्ड्याच्या बाहेर, खालच्याच्या बेडरूमवर किंवा स्वयंपाकघरावर कमोड नेण्याची मागणी आली, तर कितीही पैसे मिळत असले तरी नाही म्हणा.

आपल्या समाजातील ग्राहकांचा एक प्रश्न येथे हमखास येतो, तो कमोडच्या दिशेचा. शौचाला बसताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ नसावी, ही अनेक घरांची अट असते. पुण्याहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणून कमोडचे तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला यावे असे ते सांगतात. जुन्या फ्लॅटमध्ये बिल्डरने हा विचार केलेला नसतो. येथे पी-ट्रॅप आणि एस-ट्रॅप यांतला फरक उपयोगी पडतो. पी-ट्रॅपचा कमोड मागच्या भिंतीतून मैला सोडतो, त्यामुळे तो ज्या भिंतीत पाईप आहे त्याच भिंतीला टेकवावा लागतो. एस-ट्रॅपचा कमोड खाली जमिनीत सोडतो. खड्डा पुरेसा खोल असेल तर त्याला शेजारच्या भिंतीला टेकवून वळवता येते आणि जमिनीखालून पाईप जुन्या तोंडापर्यंत नेता येतो. हे ज्या कारागिराला पहिल्याच भेटीत कागदावर काढून दाखवता येते, त्याला काम मिळायला भावात फार घासाघीस करावी लागत नाही.

एस-ट्रॅप घेताना भिंतीपासून पाईपच्या मध्यापर्यंतचे अंतर कमोडच्या मापाशी जुळले पाहिजे. बाजारात साधारणपणे चार इंची, नऊ इंची, बारा इंची मापे मिळतात. हे अंतर तयार भिंतीपासूनचे असते. नवशिके कारागीर ते उघड्या विटेपासून मोजतात आणि नंतर त्यावर प्लास्टर, टाईलचा मसाला व टाईल मिळून सव्वा-दीड इंच भर पडते. मग कमोड भिंतीला चिकटत नाही किंवा टाकी घासते. भिंतीतल्या डायव्हर्टरचेही तसेच. त्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर कमीत कमी व जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात, टाईलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. खोल गेला तर दांडा पुरत नाही, वर आला तर प्लेट बसत नाही. टाईल कोणती व किती जाडीची हे ठरल्याशिवाय झरी मारायला घेऊ नये.

वुजूबद्दलही एक सूचना. घरातल्या बेसिनवर पाय उचलून धुण्याची सवय पुष्कळांना असते. भिंतीला दोन बोल्टवर टांगलेले बेसिन, त्यातही चार इंची भिंत, हे वजन फार दिवस सोसत नाही. बेसिन सैल होते, खालचा सांधा हलतो आणि पाणी भिंतीत उतरते. त्यापेक्षा मोरीत गुडघ्याच्या उंचीवर एक नळ व बसायला छोटा कट्टा सुचवावा. खर्च एका पॉइंटचा. म्हाताऱ्या माणसांची घसरून पडण्याची भीतीही त्यामुळे कमी होते.

पाण्याचा दाब आणि पाण्याचा प्रकार

शोरूममध्ये मोठ्या थाळीएवढा शॉवर पाहून ग्राहक भुलतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब केवळ उंचीवर ठरतो : दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो. चार मजली इमारतीत तळमजल्याला दीड किलोच्या आसपास दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी शॉवरपासून दोन-तीन मीटर वर, म्हणजे पाव किलो. तेथे तो शॉवर ठिबकणारच. एक तर प्रेशर पंप लावा किंवा साधा, लहान तोंडाचा शॉवर घ्या, हे दुकानदाराने विकण्याआधीच विचारायला हवे. ग्राहक शिव्या देतो प्लंबरला, पण ही चूक काउंटरवर झालेली असते. पंप लावला तर गीझर तेवढा दाब सोसणारा आहे का, ते त्याच्या पाटीवर वाचावे, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही बुजवू नये.

पाणी कोणते, यावरही माल ठरतो. पेठांमध्ये महापालिकेचे धरणाचे पाणी येते, ते मऊ. कोंढवा, उंड्री, वाघोली अशा भागांत बोअर व टँकरवर मदार असते, ते पाणी बहुधा जड असते. जड पाण्याने गीझरमध्ये क्षार जमतात, शॉवरची भोके बुजतात, नळाचे कार्ट्रिज लवकर जाते. अशा घरी महागड्या विदेशी नळापेक्षा ज्याचे कार्ट्रिज पुण्यात सहज मिळते तो नळ बरा.

पाईपबद्दल थोडक्यात. जी.आय.मध्ये पिवळी पट्टी हलक्या, निळी मध्यम व लाल जड दर्जाची. जुन्या घरात नव्याने भिंतीत घालण्यासाठी आता बहुतेक सीपीव्हीसी वापरतात. गरम पाण्याला तो चालतो, साधा पीव्हीसी चालत नाही. सीपीव्हीसीचे प्रमाणक आय.एस. १५७७८ आहे. पाईपवर आय.एस.आय.च्या चिन्हावर प्रमाणकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल असा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो बी.आय.एस.च्या मोबाईल अॅपवर घातला की खरा-खोटा कळतो. नकली माल बाजारात आहे, आणि भिंतीत गेल्यावर तो कोणाचा हे कोण पाहणार?

जुना लोखंडी पाईप नव्या सीपीव्हीसीला जोडतो तो सांधा सर्वांत नाजूक. तेथे पितळी आट्यांचाच जोड वापरावा. सूत-सफेद्याची जुनी पद्धत लोखंडावर ठीक होती. तेलकट पदार्थ सीपीव्हीसीला बाधतात, म्हणून येथे टेफ्लॉन टेपच लावावी. पाईप सरळ कापावा, कापाची किनार साफ करावी, सोल्युशन पाईपला व फिटिंगला दोन्हीकडे लावावे, पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट दाबून धरावे. घाईत एकाच बाजूला सोल्युशन फासणारा मुलगा दिसला, तर त्याच वेळी थांबवावे.

सांडपाण्याकडे आपले लक्ष कमी असते. नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी उभे राहिले पाहिजे, तेच गटारीची घाण व झुरळे अडवते. (न्हाणी हा आपला घरगुती शब्द. या ट्रॅपच्या नावाने तो साऱ्या देशातल्या प्लंबरांच्या तोंडी गेला आहे!) जागा वाचवायला कमी खोलीचा ट्रॅप बसवला की उन्हाळ्यात पाणी आटते आणि घरभर वास सुटतो.

गरम पाण्याची लाईन भिंतीतून वर-खाली नेली की तिच्या उंच वळणात हवा कोंडते आणि नळ फुसफुसतो. हा त्रास काही नवा नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) जी नहर आणली, तिच्यावर ठिकठिकाणी उंच बंबे बांधले आहेत ते दाब व हवा मोकळी व्हावी म्हणूनच. पेशवाईत कात्रजहून पुण्यात आणलेल्या नळालाही असे उच्छ्वास ठेवलेले होते. बाथरूममध्ये बंबा बांधायचा नाही, लाईन शक्यतो एका चढाने न्यायची, एवढेच पुरते.

चाचणी

आता मुख्य गोष्ट. पाईप भिंतीत बसले, अजून झऱ्या उघड्या आहेत. या टप्प्यावर सगळी तोंडे प्लगने बंद करावीत. सोल्युशनच्या सांध्यांना एक दिवस सुकू द्यावे. मग लाईनमध्ये हळूहळू पाणी भरावे, सर्वांत उंच प्लग सैल करून हवा पूर्ण काढावी आणि हातपंपाने दाब चढवावा. किती दाब व किती वेळ हे पाईप कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेले असते, तेच धरावे. काटा जागचा हलता कामा नये. हललाच तर सांधा सापडेपर्यंत गवंड्याला हात लावू देऊ नये. कोणी कॉम्प्रेसरच्या हवेने चाचणी करू म्हणेल, तर मुळीच ऐकू नये. हवेच्या दाबाने प्लास्टिकचा पाईप फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

दुसरी चाचणी जमिनीची. वॉटरप्रूफिंग झाले की ट्रॅपचे तोंड बंद करून उंबऱ्यापर्यंत पाणी भरावे आणि ते किमान २४ तास, जमल्यास ४८ तास उभे ठेवावे. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने खूण करावी. दुसऱ्या दिवशी मालकाला बरोबर घेऊन खालच्या फ्लॅटचे छत पाहावे, शक्य असल्यास शेजाऱ्याचीही सही घ्यावी. या दोन दिवसांत टाईलवाला रिकामा बसतो आणि मालक चिडतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय एकच, हे दोन दिवस पहिल्याच दिवशी वेळापत्रकात लिहून घ्यावेत.

चाचणी झाल्यावर प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, पाईपच्या शेजारी मोजपट्टी उघडी धरून. फोटो मालकाला पाठवावेत व स्वतःकडेही ठेवावेत. पुढे कोणी आरसा टांगायला ड्रिल मारून पाईप फोडला, तर तो तुमचा सांधा नव्हे हे सिद्ध होते. हातपंपाला पैसे घालायचे कोठून, असे काही जण विचारतील. दोन-तीन कारागिरांनी मिळून एक घ्यावा. जुना घ्यायचा तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात शोधावे, मात्र काटा दुसऱ्या पंपाशी ताडून पाहावा.

कोटेशन आणि कमिशन

आमचे कारागीर बहुधा तोंडी भाव सांगतात आणि तेथेच फसतात. उक्ते काम घेतले तरी कागदावर पाच-सात ओळी हव्यात : किती पॉइंट, गरम-थंड लाईन कोठून कोठवर, तोडफोड कोणाची, राडारोडा कोण उचलणार, माल कोण आणणार, चाचणी कोणत्या, पैसे कोणत्या टप्प्याला. आमचा सल्ला असा, की पैशांचा एक टप्पा टाईल बसण्यापूर्वी, चाचणी यशस्वी झाल्यावरच ठेवावा. मालकाला त्यात भरवसा दिसतो आणि तुमचे पैसे टाईलवाल्याच्या दिरंगाईत अडकत नाहीत. राडारोड्याचे पैसे वेगळे लावून तो रीतसर उचलावा. नदीकाठी किंवा टेकडीवर टेम्पो रिकामा करणे अंगाशी येते.

कमिशनचा विषय अवघड आहे, तरी टाळता येत नाही. रविवार पेठेतल्या बोहरी आळीपासून भवानी पेठेच्या टिंबर मार्केटपर्यंत, ग्राहक घेऊन येणाऱ्या प्लंबरला दुकानदार काही टक्के देतो हे सर्वांना माहीत आहे. दुकानदार म्हणतात, दिले नाही तर प्लंबर दुसरीकडे नेतो. प्लंबर म्हणतात, मजुरी पुरेशी मिळत नाही म्हणून घ्यावे लागते. दोन्ही खरे आहे. पण ग्राहक आता मोबाईलवर भाव पाहतो. त्याला कळले की मालात आपल्याकडून जादा घेतले, तर तुमच्या चाचणीवरही त्याचा विश्वास राहत नाही. मजुरी उघडपणे वाढवून मागावी, आणि दुकानदाराने द्यायचेच असेल तर ते ग्राहकाच्या बिलात सूट म्हणून द्यावे, असे आमचे मत आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या कारागिराला जी.एस.टी. नोंदणीची सक्ती नाही, पण मालाचे पक्के बिल मालकाच्या नावाने घ्यावेच. नळाची गॅरंटी त्यावरच मिळते.

शिकणे आणि नोंदणी

ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पट्टामुंडई हा भाग प्लंबरांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. एकाने दुसऱ्याला आणले, शिकवले, आणि आज मोठमोठ्या शहरांतील साइटवर त्यांचे गट काम करतात. तेथे सरकारने प्लंबिंगची खास संस्थाही काढली आहे. आपल्याकडे मुलगा मामाच्या हाताखाली चार वर्षे पाने-पकड देत राहतो आणि नकाशा वाचायला कधीच शिकत नाही. आय.टी.आय.मध्ये नळ कारागीर हा एक वर्षाचा ट्रेड आहे, घरातला एक तरी मुलगा तो करून यावा.

केंद्र सरकारच्या २०२३ मधील पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत गवंडी आहे, सुतार आहे, प्लंबर नाही. त्यामुळे त्या नावाखाली कोणी प्लंबरकडून फॉर्मचे पैसे मागत असेल तर देऊ नयेत. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात मात्र प्लंबरची नोंदणी होते. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हाताखालच्या मुलांना तो दाखला त्यांच्या ठेकेदारानेच द्यायचा असतो, आणि हजेरीची वही ठेवली असेल तरच तो देता येतो.